समोरच्यांचं आधीच ठरलेलं असतं तेव्हा: वंशाबद्दलचे साचेबंद समज आणि भाषणाची भीती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत शिकायला गेलेली मुलं, परदेशी क्लायंटपुढे प्रेझेंटेशन देणारे इंजिनिअर, तिकडे वाढणाऱ्या मुलांचे आईवडील असे अनेक जण हे प्रश्न विचारतात. या विषयावरचं बरंचसं संशोधन अमेरिकेत, तिथल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या लोकांबरोबर झालं आहे. त्यामुळे उत्तरांची सुरुवातही तिथूनच होते. आपल्याकडचा धागा जिथे खरोखर जुळतो, तिथे तो जोडला आहे.

भाषणाची भीती तर सगळ्यांनाच वाटते. मग त्यात वंश कुठून आला?

सगळ्यांनाच वाटते, यात शंका नाही. घशाला कोरड पडणं, हातातला कागद थरथरणं, पहिल्याच वाक्याला त-त-प-प होणं यातून कोणीच सुटलेलं नाही. १९७३ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत ४० टक्क्यांच्या आसपास लोकांनी चारचौघांत बोलण्याची भीती वाटते असं सांगितलं. त्यावरून ‘माणूस मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतो’ हे वाक्य जगभर पसरलं. (२०१२ मध्ये संशोधकांनी हा दावा पुन्हा तपासला. भीतींच्या यादीत भाषणावर सर्वांत जास्त खुणा पडतात हे खरं निघालं. पण ‘सर्वांत मोठी भीती कोणती?’ असं विचारल्यावर मरणच वर आलं.)

फरक आहे तो चुकीच्या किमतीत. अमेरिकेतल्या एखाद्या वर्गात गोरा मुलगा भाषणात अडखळला, तर ‘आज त्याचं जमलं नाही’ असं म्हणून लोक पुढे जातात. त्याच वर्गात एकुलती एक कृष्णवर्णीय मुलगी अडखळली, तर तिला ठाऊक असतं की कोणीतरी मनात म्हणेल, ‘यांचं असंच असतं.’ कदाचित कोणी म्हणणारही नाही. पण ती शक्यता तिच्याबरोबर व्यासपीठावर चढते. एकाला स्वतःपुरतं बोलायचं असतं आणि दुसरीला, तिने न मागता, अख्ख्या समाजाच्या वतीने.

याला मानसशास्त्रात काही नाव आहे का?

आहे, स्टिरिओटाइप थ्रेट. ‘आपल्या समाजाबद्दलचा वाईट समज आपल्यामुळे खरा ठरेल’ या धास्तीला हे नाव दिलं गेलं. क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांचा १९९५ चा शोधनिबंध या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या भाषाविभागातले अवघड प्रश्न दिले. काहींना सांगितलं, ‘ही तुमच्या बौद्धिक क्षमतेची चाचणी आहे.’ इतरांना सांगितलं, ‘लोक प्रश्न कसे सोडवतात एवढंच आम्हाला पाहायचं आहे.’ प्रश्न तेच होते. पण पहिल्या सूचनेनंतर कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले आणि दुसऱ्या सूचनेनंतर दोन्ही गटांतलं अंतर बरंच कमी झालं. दुसऱ्या एका प्रयोगात तर चाचणीआधी स्वतःचा वंश कागदावर लिहायला लावणं एवढंसुद्धा पुरेसं ठरलं.

हा प्रयोग सांगताना एक गोष्ट नेहमी गळते. विद्यार्थ्यांचे आधीच्या प्रवेश परीक्षेतले गुण हिशेबात धरूनच ही तुलना केली होती. म्हणजे सूचना बदलली की समाजातली सगळी विषमता नाहीशी होते, असा दावा त्यात कुठेही नाही.

आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. या धास्तीसाठी तो समज स्वतःला पटलेला असावा लागत नाही. तो हवेत आहे एवढं माहीत असलं तरी पुरतं. शिवाय ज्याला त्या कामाची मनापासून आस्था आहे, त्यालाच ती जास्त छळते. ‘तुझ्यात आत्मविश्वास नाही’ असं ज्या मुलीला सांगितलं जातं, तिची अडचण अनेकदा अशी असते की तिला ते भाषण इतरांपेक्षा जास्त चांगलं करायचं आहे.

पण ही लेखी चाचणी झाली. उभं राहून बोलण्याशी तिचा काय संबंध?

प्रश्न योग्य आहे, आणि याचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी द्यावं लागतं.

पहिला तुकडा ताणाचा. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची एक पद्धत तयार झाली. ती आजही जगभर वापरली जाते. माणसाला थोडी तयारी करू देतात, मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे उभं करून नोकरीसाठी पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावतात. त्यानंतर १०२२ मधून १३-१३ वजा करत तोंडी मागे यायचं. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, ठळकपणे वाढतं. २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी असे २०८ प्रयोग एकत्र अभ्यासले. दोन गोष्टी जुळून आल्या की शरीराची प्रतिक्रिया सर्वांत तीव्र होते असं त्यांना दिसलं: लोक आपल्याला जोखत आहेत, आणि निकाल आपल्या हातात नाही. वंशावरून आधीच मत बनवलेला श्रोतृवर्ग या दोन्ही गोष्टी एकदम समोर ठेवतो.

दुसरा तुकडा लक्षाचा. टोनी श्मेडर आणि मायकेल जॉन्स यांनी २००३ मध्ये दाखवलं की अशा धास्तीत कार्यस्मृती आक्रसते. मनात चालू कामाची माहिती धरून ठेवण्याची जागा म्हणजे कार्यस्मृती. भाषणाला ही जागा लेखी परीक्षेपेक्षाही जास्त लागते: पुढचं वाक्य आठवायचं, समोरचे चेहरे वाचायचे, घड्याळ बघायचं, आवाज सांभाळायचा. त्यातच ‘माझा स्वर चिडका तर वाटत नाही ना?’, ‘हा शब्द मी त्यांच्यासारखा उच्चारला का?’ अशी चौकी बसली, की मुद्द्यांसाठी उरतं काय?

तिसरा तुकडा थेट भाषणाचा आहे, पण तो स्त्रियांबद्दल आहे, वंशाबद्दल नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी आभासी सभागृहापुढे भाषण केलं. समोरच्या भिंतीवर कधी बिल क्लिंटन यांचं चित्र होतं, कधी हिलरी क्लिंटन किंवा अँगेला मर्केल या स्त्री नेत्यांचं, कधी काहीच नव्हतं. भिंत रिकामी असताना किंवा बिल क्लिंटन समोर असताना मुली मुलांपेक्षा कमी वेळ बोलल्या. हिलरी किंवा मर्केल समोर असताना तो फरक उरला नाही. वंश आणि भाषण यांवर इतके थेट प्रयोग फार थोडे आहेत, म्हणून पुढची काही उत्तरं अशा शेजारच्या पुराव्यांवर उभी आहेत.

कोणत्या समाजाला कोणत्या समजाला तोंड द्यावं लागतं?

हे साचे एकसारखे नाहीत, त्यामुळे भीतीही एकसारखी नसते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वक्त्याला दोन बाजूंनी अडवलं जातं. जोरात बोलला तर ‘आक्रमक’, आणि स्त्री असेल तर ‘चिडखोर’. मुद्देसूद बोलला तर आश्चर्य! २००७ च्या सुरुवातीला जो बायडेन यांनी बराक ओबामांचं कौतुक करताना, हे मुख्य प्रवाहातले पहिले आफ्रिकन-अमेरिकन, जे छान बोलतात, हुशार आहेत, स्वच्छ आहेत, अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं. त्यावर गदारोळ झाला आणि बायडेन यांनी खेद व्यक्त केला. तोवर ओबामा डेमोक्रॅटिक पक्षाच्या २००४ च्या बोस्टन अधिवेशनातल्या भाषणाने देशभर गाजलेले होते, तरीही त्यांचं बोलणं अपवाद म्हणूनच मोजलं गेलं. अशी शाबासकी ऐकणाऱ्या तरुणाला कळून चुकतं की समोरच्याची मूळ अपेक्षा काय होती.

चिनी, जपानी, कोरियन वंशाच्या लोकांना ‘हुशार पण अबोल, नेतृत्वाचे नव्हेत’ या चौकटीत बसवलं जातं. भारतीयांच्या वाट्याला आला उच्चारांचा साचा. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू १९९० पासून अमेरिकेच्या घराघरांत पोचला. त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. २०२० मध्ये त्यांनी ते काम थांबवलं. मधल्या तीस वर्षांत तिथल्या शाळांत शिकलेल्या भारतीय मुलांच्या एका अख्ख्या पिढीने स्वतःच्या आईवडिलांच्या बोलण्याची नक्कल मधल्या सुट्टीत ऐकली. त्या मुलांना पुढे माईकसमोर अवघडल्यासारखं झालं, तर त्यात नवल नाही.

हे फक्त नवख्यांचं दुखणं आहे का? मोठ्या वक्त्यांना तर असं होत नसेल?

फ्रेडरिक डग्लस यांची गोष्ट वाचावी. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सर्वांत प्रभावी वक्त्यांत त्यांची गणना होते. ते मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मले आणि १८३८ मध्ये निसटून उत्तरेत आले. ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावर गुलामगिरीविरोधी अधिवेशनात ते पहिल्यांदा मोठ्या, मुख्यतः गोऱ्या सभेपुढे उभे राहिले. १८४५ च्या आत्मचरित्रात त्यांनी त्या क्षणाबद्दल लिहिलं आहे: आपण अजून गुलामच आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि गोऱ्या लोकांपुढे बोलायचं या कल्पनेनेच ते दबून गेले होते. थोडं बोलल्यावर मात्र त्यांना मोकळं वाटू लागलं.

पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. डग्लस उत्तम बोलू लागले, तेव्हा श्रोत्यांना शंका यायला लागली की असं बोलणारा माणूस गुलाम असेलच कसा. चळवळीतले त्यांचे गोरे सहकारी, म्हणजे त्यांच्याच बाजूचे लोक, त्यांना सांगू लागले की फक्त घडलेलं सांगा, तत्त्वज्ञान आम्ही बघतो. आणि बोलण्यात थोडी मळ्यावरच्या गुलामांची ढब राहू द्या, फार शिकलेले दिसू नका. वाईट बोलला तर समज खरा ठरतो, चांगला बोलला तर माणूसच खोटा ठरतो. शेवटी डग्लस यांनी मालकांची नावं आणि गावं यांसकट आपली हकीकत छापली. त्यामुळे पकडलं जाण्याचा धोका इतका वाढला की त्यांना आयर्लंड आणि ब्रिटनला जावं लागलं. १८४६ मध्ये तिथल्या मित्रांनी पैसे जमवून त्यांचं कायदेशीर स्वातंत्र्य विकत घेतलं, तेव्हा कुठे ते निर्धास्तपणे अमेरिकेत परतू शकले.

सभा जिंकण्याचं कसब अंगी असलेल्या माणसाचीही जर ही स्थिती, तर साध्या विद्यार्थ्याला ‘सराव कर, होईल सगळं ठीक’ एवढंच सांगणं अपुरं आहे.

समज चांगला असेल तर? ‘भारतीय हुशार असतात’ असं म्हटलं तर मदतच होईल ना?

नेहमी नाही. सप्ना चेरियन आणि गॅलन बोडेनहाउझेन यांनी २००० मध्ये आशियाई-अमेरिकन मुलींबरोबर एक प्रयोग केला. ‘तुमचे लोक गणितात हुशार’ ही ओळख ठळकपणे समोर आणली गेली, तेव्हा त्यांचं लक्ष विचलित झालं आणि गणितातली कामगिरी घसरली. अपेक्षेचंही ओझं असतं. अमेरिकेतल्या आपल्या घरांत ‘आपली मुलं मागे पडत नाहीत’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारलं जातं, पण भाषणाच्या आदल्या रात्री ते मुलाच्या छातीवर बसतं.

आशियाई माणसं मुळातच अबोल असतात, हे तरी खरं आहे का?

हीजंग किम यांचा २००२ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. कोडी सोडवताना मनातला विचार मोठ्याने बोलून दाखवा असं सांगितलं, तेव्हा आशियाई-अमेरिकन विद्यार्थ्यांची कामगिरी खालावली. युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांची खालावली नाही. गप्प राहून सोडवू दिल्यावर मात्र त्यांना काहीच अडचण आली नाही. विचार आधी, बोलणं मग, ही काही घरांतली शिकवण असते. अमेरिकन वर्गात ‘बोलतो तो विचार करतो’ हा नियम चालतो आणि त्या मापाने ही मुलं उणी दिसतात.

लोकांना माझं इंग्रजी कळत नाही. दोष माझ्या उच्चारांत की त्यांच्या कानांत?

दोन्हीकडे असू शकतो. पण कानांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे.

जॉर्जिया विद्यापीठातले डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज इंग्रजी मातृभाषा असलेल्या एका अमेरिकन स्त्रीचा होता. ऐकताना काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना चिनी वंशाच्या बाईचा. आवाज तोच, शब्द तेच. तरी दुसरा फोटो पाहणाऱ्यांना बोलण्यात परकी ढब ‘ऐकू आली’, आणि व्याख्यान समजलंही कमी. परकी ढब नसलेल्या आवाजात ती ऐकू येते, तर थोडीशी असलेल्या आवाजाचं काय होत असेल?

शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसार यांनी २०१० मध्ये दुसरी बाजू दाखवली. साधी सामान्यज्ञानाची विधानं, उदाहरणार्थ जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्याविना राहू शकतो, परक्या ढबीत ऐकली की लोकांना ती थोडी कमी खरी वाटतात. बोलणारा केवळ निरोप्या आहे, विधान दुसऱ्याचं आहे असं सांगितलं तरीही.

याचे परिणाम वर्गापुरते राहत नाहीत. २०१३ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येच्या खटल्यात महत्त्वाची साक्ष देणारी १९ वर्षांची मुलगी आफ्रिकन-अमेरिकन बोलीत बोलत होती. काही तास चाललेली तिची साक्ष नंतर ज्यूरीच्या एका सदस्येला समजायला कठीण आणि अविश्वसनीय वाटली. भाषाशास्त्रज्ञ जॉन रिकफर्ड आणि शरीस किंग यांनी २०१६ मध्ये तिच्या बोलण्याचं विश्लेषण करून दाखवलं की ते त्या बोलीच्या व्याकरणाला धरून, नियमबद्ध होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातलं बोलणं हेही सार्वजनिक बोलणंच आहे, आणि तिथे न ऐकलं जाण्याची किंमत फार मोठी असते.

मग अमेरिकन ढबीत बोलायला शिकू का?

माझं मत: स्पष्टपणा शिका, नक्कल नको. कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की ढब जड वाटणं आणि बोलणं न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढब अगदी ठळक असूनही ऐकणाऱ्यांनी शब्द न शब्द बरोबर उतरवून घेतला, असं अनेकदा झालं. उसनी ढब सांभाळण्यात मात्र वर सांगितलेली कार्यस्मृती खर्च होते, आणि एखाद्या अवघड प्रश्नाला उत्तर देताना ती ढब गळून पडते, तेव्हा माणूस दुप्पट बावरतो.

दुसरी दिलासा देणारी गोष्ट म्हणजे कान पटकन जुळवून घेतात. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांच्या २००४ च्या प्रयोगांत परक्या ढबीचं इंग्रजी समजायला सुरुवातीला वेळ लागला, पण साधारण एका मिनिटात तो फरक घटला. तेव्हा सर्वांत कळीचा आकडा किंवा निर्णय पहिल्या मिनिटात सांगू नका. सुरुवातीला स्वतःचं नाव सावकाश, नीट उच्चारा, विषय सांगा, कालच्या बैठकीचा संदर्भ द्या. तेवढ्यात समोरच्यांचे कान तयार होतात. विशेषनामं आणि तांत्रिक शब्द स्लाइडवर लिहिलेले असू द्या. आपल्याकडे व्ही आणि डब्ल्यू बहुधा एकाच ‘व’ने उच्चारले जातात, आणि इंग्रजी शब्दांतला आघातही अनेकदा भलत्याच अक्षरावर पडतो. घोटाळा मुख्यतः याच ठिकाणी होतो. तेवढं सुधारलं तरी खूप झालं, बाकी ढब तुमची तुमच्याकडे राहू द्या.

या संशोधनावर वादही आहेत असं ऐकलं. ते खरं का?

खरं आहे, आणि ते लपवू नये. २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर, पद्धत आधी जाहीर करून, एक मोठी चाचणी झाली. मुली आणि गणित यांबाबत स्टिरिओटाइप थ्रेटचा परिणाम तिच्यात सापडला नाही. जुने प्रयोग लहान गटांवर झाले होते, आणि परिणाम दिसलेले निबंधच जास्त छापले गेले, ही टीका रास्त आहे. त्यामुळे ‘वंशाची आठवण करून दिली की माणूस हमखास कोसळतो’ असं कोणी म्हणत असेल तर मानू नका.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बोलणाऱ्याच्या मनावर परिणाम किती होतो, यावर वाद आहे. ऐकणारे वंश आणि ढब पाहून वेगळं वागतात, याचा पुरावा स्वतंत्र आहे. आणि लोकांचे अनुभव तर प्रयोगशाळेची वाट पाहत थांबलेले नाहीत.

बोलणाऱ्याने प्रत्यक्षात काय करावं?

आधी एक गैरसमज दूर करा: तुमची धडधड समोरच्यांना दिसत नाही, निदान तुम्हाला वाटते तेवढी तरी नाही. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी एवढीच गोष्ट समजावून सांगितली. त्या विद्यार्थ्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली, असं त्यांनी स्वतःही सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनीही. आपली घबराट उघडी पडून ‘हे असेच’ ठरेल अशी ज्याला धास्ती आहे, त्याच्यासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे.

‘शांत हो’ असं स्वतःला बजावू नका. धडधडतं हृदय हुकमाने शांत होत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत ‘मी उत्साहात आहे’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं, ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त पटणारी ठरली.

भाषणाच्या आदल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं काढून आपल्याला आयुष्यात काय मोलाचं वाटतं ते लिहून काढा: आजीचं शिक्षण, एखादं वाद्य, गावचं पाणी, काहीही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळेत अशा लिखाणानंतर सातवीतल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारले होते. नंतरच्या प्रयत्नांत परिणाम कधी लहान दिसला, कधी दिसलाच नाही. तरी यात खर्च काही नाही, म्हणून सुचवतो.

सराव आरशासमोर नको, माणसांसमोर करा, आणि त्यातला एक जण तरी तुमच्या समाजाबाहेरचा असू द्या. सभागृहात गेल्यावर ओळखीचा किंवा मान डोलावणारा एक चेहरा शोधा आणि पहिली दोन वाक्यं त्याच्याशी बोला. कोणी ‘तुमचं इंग्रजी किती छान आहे!’ म्हणालं, तर ‘धन्यवाद, मुद्दा पटला का?’ असं विचारून चर्चा विषयावर आणा. प्रत्येक वेळी धडा शिकवण्याची जबाबदारी तुमची नाही.

म्हणजे सगळं पुन्हा बोलणाऱ्यानेच करायचं?

नाही. भाषणाच्या भीतीवर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि ऐकणाऱ्याला मोकळा सोडतात, हे मला पटत नाही.

१९७४ मध्ये प्रिन्स्टनमध्ये कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी एक दुहेरी प्रयोग केला. आधी गोऱ्या विद्यार्थ्यांना उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या. उमेदवार कृष्णवर्णीय असला की ते दूर बसत, मुलाखत लवकर आटोपत, आणि स्वतःच बोलताना जास्त अडखळत. मग संशोधकांनी प्रशिक्षित मुलाखतकारांकरवी काही गोऱ्या उमेदवारांना हुबेहूब तशीच तुटक वागणूक दिली. ते गोरे उमेदवारही जास्त घाबरलेले दिसले आणि त्यांची मुलाखत वाईट झाली. घबराट खुर्च्यांमधून उठून बोलणाऱ्याच्या घशात शिरते, याचं इतकं स्पष्ट प्रात्यक्षिक क्वचितच पाहायला मिळतं.

तेव्हा शिक्षक, परीक्षक, मॅनेजर यांनी फोन खाली ठेवावा, बोलणाऱ्याकडे पाहावं, पहिल्या मिनिटात मत बनवू नये, नाव कसं उच्चारायचं ते आधी विचारून घ्यावं. नाही कळलं तर ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याऐवजी कुठपर्यंत कळलं ते सांगून पुढचं विचारावं. वर्गातल्या एकट्या कृष्णवर्णीय किंवा भारतीय मुलाला ‘तुमच्या लोकांचं यावर काय मत?’ असं विचारू नये.

अभिप्राय कसा द्यावा यावर १९९९ चा एक स्टॅनफर्डचा अभ्यास आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नुसती टीका दिली तर ती त्यांना पक्षपाती वाटली आणि उत्साह घटला. नुसत्या गोड शब्दांनीही पुरेसं साधलं नाही. ‘माझी अपेक्षा उंच आहे, आणि तू तिथवर पोचशील अशी माझी खात्री आहे’ हे टीकेबरोबर सांगितलं, तेव्हा मात्र विद्यार्थी झटून सुधारणा करायला तयार झाले.

महाराष्ट्रात हे लागू होतं का? आपल्याकडे वंश कुठे आहे?

वंश नसेल, जात आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कथित उच्च आणि निम्न जातींतल्या ३२१-३२१ मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर मात्र निम्न मानल्या गेलेल्या जातींची मुलं मागे पडली.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळेतला तो प्रसंग मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गातली मुलं ओरडत धावली, कारण फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. वर्गापुढे जाणं ही एका मुलासाठी साधी गोष्ट असते आणि दुसऱ्यासाठी काय असू शकते, हे त्यात आलं.

आजही वक्तृत्व स्पर्धेत ‘ण’च्या जागी ‘न’ आला की परीक्षकांच्या भुवया वर जातात, मुद्दा कितीही भक्कम असो. त्या एका अक्षरावरून मुलाचं गाव, घर, जात यांचा अंदाज बांधला जातो, आणि मुलाला ते समजतं. उच्चारांना गुण ठेवायचेच असतील तर ते वेगळे आणि थोडे ठेवावेत, असं मी आग्रहाने म्हणेन. विचारांचे गुण त्यात बुडवू नयेत.

शब्दशः वंशाचा प्रश्नही इथे आहेच. पुण्यामुंबईत शिकणाऱ्या ईशान्य भारतातल्या मुलांना चेहऱ्यावरून ज्या नावांनी हाका मारल्या जातात, त्या आपण ऐकलेल्या आहेत. २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्र सरकारने या भेदभावाचा अभ्यास करायला बेझबरुआ समिती नेमली होती. वर्गात हिंदी किंवा मराठीत बोलताना ही मुलं का गप्प होतात, याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधू नये.

आमची मुलगी न्यू जर्सीत शिकते. घरी अखंड बडबड, वर्गात तोंड उघडत नाही. काय करू?

‘बोल गं, घाबरतेस काय!’ हे आधी बंद करा. वर्गात कोणी तिच्या नावाची, डब्याची, आईच्या बोलण्याची चेष्टा करतं का, ते गप्पांच्या ओघात विचारा. करत असेल तर शिक्षकांशी बोला. मुलीला ‘दुर्लक्ष कर’ एवढंच सांगणं म्हणजे काम तिच्यावरच टाकणं झालं. चेष्टा होत नसेल तर तिला वेळ द्या. उद्या वर्गात कोणता प्रश्न विचारणार हे आदल्या दिवशी सांगाल का, अशी विनंती शिक्षकांना करता येते. आधी दोघींत, मग चौघींत, मग वर्गापुढे असं चढत जाऊ द्या. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातला रंगमंच यासाठी चांगला, कारण तिथे ती एकटी वेगळी नसते. मात्र तिथेही तिच्या मराठीला हसणारे काका-मामा असतात. त्यांना तुम्हीच आवरा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

भाषण टाळण्यासाठी विषय, नोकरी किंवा बढती सोडावी लागत असेल, कित्येक दिवस आधीपासून झोप उडत असेल, किंवा चारचौघांत जेवणं, फोनवर बोलणं यांचीही भीती बसली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सामाजिक भयगंडावर, म्हणजे चारचौघांत वावरण्याच्या तीव्र भीतीवर, संज्ञानात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची उपचारपद्धत) चांगला लागू पडतो, आणि गरज पडल्यास औषधंही असतात. भारतात टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. भेटीत वंश, जात किंवा बोली यांवरून आलेले अनुभव स्पष्ट सांगा. समुपदेशक ते कानाआड करून फक्त ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ म्हणत असेल, तर दुसरा शोधायला संकोचू नका.